सतरा नंबरचा सॅक्सोफोन

अ‍ॅमस्टरडॅम, १४ जानेवारी १९६१

प्रिय फीन,

बातमी आधी, बाकी सगळं नंतर. मला घेतलं! शहराच्या वाद्यवृंदात दुसरा क्लॅरिनेटवादक म्हणून पुढच्या महिन्यापासून माझी खुर्ची पक्की झाली आहे. एकोणतीस जण आले होते. प्रत्येकाला पडद्यामागे उभं करून वाजवायला लावलं. परीक्षकांना चेहरा दिसू नये, नाव कळू नये, आणि चालण्यावरूनही ओळख पटू नये म्हणून बूटसुद्धा काढायला लावले. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. अंगठ्याला फरशी गार लागत होती आणि मी मात्र आपल्या स्वयंपाकघरात उभा असल्यासारखा निवांत वाजवत होतो. तू पाठवलेल्या गवताने आदल्या दिवशी क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती घासून ठेवली होती. इथले लोक दुकानातला घासकागद वापरतात. आपल्या घरामागच्या ओढ्याकाठी उगवणाऱ्या त्या खरखरीत पोकळ कांड्यांनी पत्ती जशी उतरते तशी कशानेच उतरत नाही, हे मी त्यांना सांगत नाही. सगळंच कशाला सांगायचं?

निकालानंतर संचालक टेर हार यांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "शनिवारी तळघरात जॅझ वाजवणारे ते सॅक्सोफोनवाले क्वाडफ्लीग तुम्हीच का?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "सॅक्सोफोनने क्लॅरिनेटचे ओठ बिघडतात. वर्षभरात काय ते एक ठरवा." मी म्हटलं, "साहेब, ओठ दोन आहेत." ते हसले नाहीत. हरकत नाही, हसतील कधीतरी.

ठरवायचं काय त्यात? मी दोन्ही करणार आहे. आमच्या चौघांच्या जॅझच्या चमूची पहिली रेकॉर्ड ४ डिसेंबरला व्हायची आहे, अख्खी एक बाजू माझ्या सॅक्सोफोनची. आठवडाभर काळा कोट घालून मोझार्ट, शनिवारी बाह्या सरसावून तळघर. नेदरलँड्समध्ये हे आजवर कुणी नीट केलं नसेल, तर आता होईल.

बाबांना सांग. पण क्लॅरिनेट हा शब्द जेवण झाल्यावर काढ.

तुझा,
सेर्व्हास

ता. क. गवत संपत आलंय.


एल्सबेक, २ फेब्रुवारी १९६१

प्रिय फाटक्या मोज्या,

अभिनंदन! आई रडली, मग तिने पीठ मळायला घेतलं. बाबांना जेवणानंतरच सांगितलं. ते पाइप भरत होते, भरतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पलीकडच्या बँडचं वाद्य." बस, एवढंच. पण कान लाल झाले होते आणि ते रागाने नव्हते, हे मला कळतं.

आता पुढचं ऐक. बातमी गावभर झाली आणि रविवारी प्रार्थना सुटल्यावर पलीकडची हार्मोनी, तो क्लॅरिनेटवाला बँड, अख्खी चाळीस माणसं, झेंड्यासकट आपल्या दारात! त्यांच्या अध्यक्षाने हार पुढे केला आणि म्हणाला, "आमच्या क्लॅरिनेटवादकाला मानवंदना." मी म्हटलं, तो इथे राहत नाही. तर म्हणाला, घर तर इथेच आहे ना! आणि केली सुरुवात. बाबांनी खिडक्या धडाधड लावून घेतल्या. "पोरगा आपल्या पितळी बँडचा, फानफारेचा, त्याच्या तोंडाला वाद्य लावलं आपण, आणि मिरवणार हे?" त्यात आईने बाहेर जाऊन सगळ्यांना भट्टीतून काढलेली जर्दाळूची गोड फ्लाय वाटली. दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायला ती काय आपल्या फानफारेच्या प्रमुखांच्या, हुप्पर्ट्‌सच्या, घरातली आहे का, असं तिचं म्हणणं. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उरलेली फ्लाय सापडली, तेव्हा बोलले.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी. आपल्या फानफारेची वार्षिक सभा झाली. मी नेहमीप्रमाणे कॉफी द्यायला होते. हुप्पर्ट्‌स साहेब उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "फानफारे म्हणजे पितळ, सॅक्सोफोन आणि ढोल. ज्याला क्लॅरिनेट फुंकायचा आहे त्याने खुशाल रस्ता ओलांडावा. पण जाताना संस्थेचं वाद्य ठेवून जावं." सेर्व्हास, टेनर सॅक्सोफोन नंबर सतरा. १९४९ मध्ये तुला वापरायला दिलेला, गळ्याजवळ संस्थेचा शिक्का आहे, तू विसरला असशील म्हणून लिहिते. तू गाव सोडल्यापासून टेनरची खुर्ची नऊ वर्षं रिकामी आहे. आता वाजवणारं माणूस मिळालं आहे. सतरा नंबर वादकांच्या संत सेसिलियाच्या सणाच्या रविवारच्या आत, म्हणजे २६ नोव्हेंबरच्या आत परत आला तर ते माणूस संस्थेत येईल. नाही आला तर खुर्ची कायमची काढून टाकायची, असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

पाठवून दे. गवत सोबत ठेवलं आहे, ओलसर कापडात गुंडाळून ठेव.

फीन


अ‍ॅमस्टरडॅम, २० फेब्रुवारी १९६१

प्रिय फीन,

हार्मोनी दारात आणि बाबा खिडक्यांमागे! हे वाचून मी इतका हसलो की खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं. मी जॅझ वाजवला की त्या ठोकतात, मोझार्टला ठोकत नाहीत. परवा मी मोझार्ट सॅक्सोफोनवर वाजवला, तर ठोकायला उचललेला दांडा तसाच धरून बसल्या असाव्यात. जिन्यात भेटल्यावर नुसत्याच बघत राहिल्या.

आता तुझ्या हुप्पर्ट्‌स साहेबांचं. ही टोपी हुप्पर्ट्‌सची आहे, पण तिच्याखालचं डोकं बाबांचं आहे, हे मला इथून दिसतंय. मी पलीकडचं वाद्य उचललं म्हणून आपलं काढून घ्यायचं. आणि हे नवीन माणूस कोण म्हणे? खाटकाचा जावई असेल. त्याच्या हातात सतरा नंबर म्हणजे बैलाच्या गळ्यात घड्याळ.

फीन, तो सॅक्सोफोन मी देऊ शकत नाही. निदान आत्ता नाही. त्याची सगळ्यांत खालची चावी नीट बसत नाही, तुला आठवत असेल. तो सूर धड कधी निघतच नाही. म्हणून मी तो टाळायला शिकलो. खाली उतरत यायचं आणि ऐन मुक्कामाच्या जागी थांबायचं. वाजवायचंच नाही. आता त्याचंच नाव झालंय! मागच्या महिन्यात एका समीक्षकाने लिहिलं, "क्वाडफ्लीग जिथे थांबतात तिथे अख्खं तळघर श्वास रोखून धरतं." बिचाऱ्याला काय माहीत, चावी बसत नाही. पण युक्ती माझी, आणि ती त्याच वाद्यावर बसली आहे. दुसऱ्या सॅक्सोफोनवर सगळे सूर निघतात. सगळे सूर निघाले की मी इतर दहा जणांसारखाच वाजतो.

डिसेंबरमध्ये रेकॉर्ड होऊ दे. मग मीच आणून देईन. नऊ वर्षं रिकामी राहिलेली खुर्ची आणखी चार आठवडे राहिली तर गाव काही बुडत नाही.

सेर्व्हास


एल्सबेक, १८ मार्च १९६१

सेर्व्हास,

चार आठवडे राहणार नाही. २६ नोव्हेंबर म्हणजे २६ नोव्हेंबर. बाबांचा यात हात नाही, उगाच त्यांच्यावर घसरू नकोस. वाजवणारं माणूस खाटकाचा जावई नाही. कोण आहे याच्याशी तुला काय करायचंय? वाद्य तुझं नाही, म्हणून ते परत करायचं. समोर कोण उभं आहे हे बघून परत करणार असशील तर ते परत करणं नव्हे, उपकार झाले.

आणि युक्ती तुझी, म्हणतोस! बरं. १९५० चा सप्टेंबर. तू स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी रडकुंडीला आला होतास, गावाच्या मार्चचा शेवटचा सूर निघत नाही म्हणून. समोर बसून वाटाणे कोण सोलत होतं? "तो सूर सोडून दे, जागा मोकळीच राहू दे, ठिगळ लावलं की भोक जास्त दिसतं," हे कोण म्हणालं होतं? आठव जरा.

गवत पाठवलेलं नाही. ओढ्याला पाणी आहे.

फीन


अ‍ॅमस्टरडॅम, ३ मे १९६१

प्रिय फीन,

ओढ्याला पाणी कधी नव्हतं? पण असो, रागावलीस. दुकानातला घासकागद आणला. त्याने घासलेली पत्ती सर्दी झालेल्या माणसासारखी बोलते.

तशाच पत्तीवर मी गेल्या रविवारी बाजी मारली. आमच्या पहिल्या क्लॅरिनेटवादकाची दाढ काढावी लागली, गाल फुगून भोपळ्याएवढा झाला, आणि ऐन वेळी त्याचा एकट्याचा भाग माझ्या गळ्यात. रेडिओवरून थेट! तुम्ही ऐकलंत का? मधल्या संथ भागात मी एक सूर असा बारीक केला की पुढे बसलेल्या बाईंनी खोकला गिळला. संपल्यावर टेर हार साहेबांनी मला उभं केलं. नंतर म्हणाले, "पाहिलंत, तुम्ही कुठले आहात ते?" मी म्हटलं, "शनिवारी तळघरात या, तिथलाही आहे." आले नाहीत. पण वर्षाची मुदत मात्र रोज आठवते त्यांना.

वाटाण्यांचं म्हणशील तर तू तेव्हा पुष्कळ काही बोलायचीस, मला सगळं कसं आठवणार?

एक मार्ग सुचतो. आता मला पगार आहे. मी संस्थेला नवा कोरा टेनर सॅक्सोफोन पाठवतो, चकचकीत, सगळ्या चाव्या बसणारा. हुप्पर्ट्‌सला जुन्याच्या बदली नवा मिळेल, तुझ्या त्या गुपित माणसाला खुर्ची मिळेल, मला माझा सतरा नंबर राहील. झालं की नाही?

सेर्व्हास


एल्सबेक, ११ जून १९६१

सेर्व्हास,

झालं नाही. मी हुप्पर्ट्‌स साहेबांना विचारलं. त्यांनी इतिवृत्ताची वही उघडून बोट ठेवलं. "नंबर सतरा" असंच लिहिलंय. दुसरा सॅक्सोफोन सोन्याचा असला तरी चालणार नाही. ठेवणीतलं हसू हसत होते. मी त्यांना कॉफी अर्धा कप दिली.

रेडिओ ऐकला. कूनन मास्तरांच्या मागच्या खोलीत बसून ऐकला, त्यांचा रेडिओ चांगला आहे. संथ भाग सुरू झाला तेव्हा मास्तरांनी चष्मा काढला आणि शेवटपर्यंत घातलाच नाही. तू फार सुंदर वाजवलंस. राग असला म्हणून हे लिहायचं नाही असं नाही. मला तुझा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी तुझ्या डोक्यात वाटाण्याचं टोपलं घालावंसंही वाटतं.

घरी आले तर आपलाही रेडिओ कोमट लागला. बाबा म्हणाले, हवामान ऐकत होतो.

फीन


अ‍ॅमस्टरडॅम, २ जुलै १९६१

प्रिय फीन,

अहाहा! कूनन मास्तरांची मागची खोली! म्हणजे हार्मोनीच्या जुन्या बँडमास्तरांकडे आमच्या फानफारेच्या क्वाडफ्लीगांची मुलगी रेडिओ ऐकायला जाते. सापडलीस. मास्तरांचा तो फ्रान्स अजून बिनलग्नाचा आहे ना? उंच, लाजरा, मोठं शिंग वाजवणारा?

आता सगळा उलगडा झाला. तुला पलीकडच्या घरात जायचंय. बाबा आकाशपाताळ एक करतील हे तुला माहीत आहे. म्हणून आधी सतरा नंबर घरी आणून फानफारेला खूश करायचं, बाबांचं नाक वर करायचं, आणि मग हळूच फ्रान्सचं नाव काढायचं. शाबास! मला सरळ सांगायचं की. तुझ्या लग्नात मी एका हातात क्लॅरिनेट आणि एका हातात सॅक्सोफोन घेऊन येईन आणि दोन्ही बँडांना एका टेबलावर बसवेन.

पण रेकॉर्ड ४ डिसेंबरलाच आहे आणि ती सतरा नंबरवरच होईल. लग्न काय, जानेवारीतही करता येतं. हे माझं शेवटचं.

सेर्व्हास


अ‍ॅमस्टरडॅम, १७ सप्टेंबर १९६१

फीन,

अडीच महिने झाले. एक ओळ नाही. फ्रान्सचं बोललो ते लागलं का? की मी चुकीच्या झाडाला हलवलं? गवत नको, पण दोन ओळी तरी लिही.

स.


एल्सबेक, २९ ऑक्टोबर १९६१

सेर्व्हास,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आई सांगते, फीन लिहिते, मी तिकीट चिकटवतो, ही आपल्या घरची रीत. हे पत्र मी फीनला न सांगता लिहितो आहे, तेव्हा अक्षर लावून घे.

ते वाजवणारं माणूस फीन आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी डॉक्टरांकडे गुडघा दाखवून येत होतो. कूनन मास्तरांच्या घरामागून टेनर सॅक्सोफोन ऐकू आला. गावाचा मार्च. मला वाटलं तू आलास आणि घरी न येता आधी हार्मोनीवाल्याकडे गेलास. डोकं फिरलं. काठी टेकत मागे गेलो आणि खिडकीतून पाहिलं. फीन होती. मास्तर खुर्चीवर, ती उभी. तुझ्यासारखी नाही वाजवत, सरळ वाजवते, पण पायाला चाल येते. मी तिथे कुंपणाला धरून पूर्ण ऐकलं. चौकशी केली तर तीन वर्षं मंगळवार-शुक्रवार जाते म्हणे. मी समजत होतो चर्चच्या गायनाला जाते. मास्तर हार्मोनीचा जुना सॅक्सोफोन देतात सरावाला.

जानेवारीच्या सभेत ती कॉफीचा ट्रे हातात घेऊन म्हणाली, टेनरची खुर्ची मला द्या. सगळे हसले. बाईमाणूस आजवर आपल्या रांगेत चाललेलं नाही. हुप्पर्ट्‌स म्हणाला, का नाही? नंबर सतरा सेसिलियाच्या आत परत आला तर खुर्ची तुझी, नाही आला तर खुर्चीच नाही. तसं लिहायला लावलं. सगळे पुन्हा हसले, कारण तू तो सोडणार नाहीस हे सगळ्यांना ठाऊक होतं. हुप्पर्ट्‌सला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचं नव्हतं, ते त्याने तुझ्याकडून म्हणवून घ्यायचं ठरवलं.

मी त्या सभेत बसलो होतो. हसलो नाही. पण बोललोही नाही. पस्तीस वर्षं खाणीत काढली, माणसाला भिणारा मी नव्हे, पण त्या दिवशी गप्प बसलो. त्याची मला लाज वाटते.

हार्मोनीने तिला दोनदा बोलावलं आहे. ती म्हणाली, माझे बाबा अलीकडचे आहेत.

तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. म्हणते, त्याने वाद्य परत करावं कारण ते त्याचं नाही, मला दया म्हणून नको. मी शपथ मोडतो आहे. तुला काय करायचं ते तू ठरव. तू मोठा वादक झालास, मी रेडिओवर ऐकतो. हवामान नसतं तेव्हाही.

यंदा सेसिलियाच्या मिरवणुकीत मोठा ढोल कोण घेणार ते ठरलेलं नाही. माझा गुडघा.

बाबा


अ‍ॅमस्टरडॅम, ८ नोव्हेंबर १९६१

प्रिय फीन,

बाबांनी लिहिलं. त्यांच्यावर रागावू नकोस, रागवायला माझ्याइतकं लायक माणूस दुसरं नाही.

पत्र वाचलं आणि मला ते टेबल लख्ख आठवलं. वाटाण्याच्या साली, तुझी हिरवी झालेली नखं, टेबलावर सुरीच्या मुठीने तू धरलेला ठेका. मी चुकलो की ठेका थांबायचा. नऊ वर्षं मी तळघरात टाळ्या घेतल्या त्या तुझ्या वाक्यावर, आणि समीक्षकांसमोर मान डोलावून म्हटलं, हो, सुचलं बुवा. मला आठवत नव्हतं असंही नाही. आठवायचं नव्हतं. आणि तू सतरा नंबर मागत होतीस तेव्हा मी तुला फ्रान्सच्या गळ्यात बांधत बसलो! एवढा आंधळेपणा पडद्यामागे वाजवणाऱ्यालाच शोभतो.

उपकार नकोत म्हणालीस, म्हणून नीट ऐक. सतरा नंबर माझा नाही, फानफारेचा आहे, म्हणून मी तो परत आणतो आहे. पुढे संस्था तो कुणाला देते हा संस्थेचा प्रश्न. शनिवारी, २५ तारखेला, दुपारच्या गाडीने येतो आणि हुप्पर्ट्‌सच्या हातात सभेच्या खोलीत, सगळ्यांसमोर देतो. इतिवृत्तात लिहून घेतो. त्यांचं ते ठेवणीतलं हसू मला बघायचंच आहे.

आणखी एक. सोमवारी मी तो कारागिराकडे नेला आणि ती खालची चावी नीट करून घेतली. नवी चामड्याची गादी बसवली. आता तो सूर निघतो. मी एकदा वाजवून पाहिला आणि लगेच पेटी बंद केली. तो मला वाजवायचा नव्हता. गावाच्या मार्चचा शेवटचा सूर तो, तुला सोडावा लागू नये.

रेकॉर्डची काळजी करू नकोस, मी करत नाही. ती होणार, ४ डिसेंबरलाच, आणि क्लॅरिनेटवर होणार. चमूतले तिघं आधी माझ्याकडे वेड्यासारखं बघत राहिले, मग आम्ही दोन तास वाजवलं, मग बघायचे थांबले. टेर हार साहेबांना कळलं की मी सॅक्सोफोन परत करतोय. खूश होऊन म्हणाले, "शेवटी शहाणपण सुचलं." मी म्हटलं, "सुचलं साहेब, आता जॅझही तुमच्याच वाद्यावर." त्यांचा चेहरा बघायला हवा होता. पुढे मी दुसरा सॅक्सोफोनही घेईनच. ओठ अजून दोन आहेत.

क्लॅरिनेटला आपल्या रांगेत जागा नाही हे मला ठाऊक आहे. पण ढोल रिकामा आहे असं ऐकतो.

तुझा,
सेर्व्हास


एल्सबेक, २८ नोव्हेंबर १९६१

प्रिय सेर्व्हास,

तू रविवारी संध्याकाळच्या गाडीने घाईत गेलास आणि धड बोलणंच झालं नाही. शिवाय तू मागे ढोलावर होतास, पुढे काय झालं ते तुला दिसलं नसणार. म्हणून लिहिते.

शनिवारी तू पेटी टेबलावर ठेवलीस तेव्हा हुप्पर्ट्‌स साहेबांनी शिक्का तीनदा तपासला. तू खोलीतून गेल्यावर चौथ्यांदाही तपासला. मग म्हणाले, "गणवेश पुरुषांच्या मापाचा आहे." बाबा उठले. काठी न घेता उठले. म्हणाले, "माझा घेईल. मी यंदा चालत नाही." हुप्पर्ट्‌स साहेबांनी वही मिटली. आईने रात्रीतून बाह्या आखूड केल्या. पाइपच्या वासाने मला पहिल्या गल्लीत शिंका आल्या, हे तुला मागे ऐकू आलं असेल तर तो मार्चचा भाग नव्हता.

पुढच्या रांगेत माझ्या शेजारी खाटकाचा जावई होता. होय, तोच, तो आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. पहिल्या वळणापर्यंत माझ्यापासून हातभर लांब चालत होता. दुसऱ्या वळणावर त्याचा ठेका चुकला, मी कोपर मारलं, मग जवळ आला. लोक दारात उभे होते. कुणी हसलं नाही. कूनन मास्तर रस्त्याच्या पलीकडे हार्मोनीच्या गणवेशात उभे होते, त्यांनी टोपी काढली. फ्रान्सनेही काढली. तू यावर काही लिहायचं नाहीस!

चर्चच्या पायऱ्यांपाशी मार्च संपतो. बाबा तिथे बसले होते, खुर्ची आणून. मला भीती वाटत होती, खरं सांगते. या वाद्यावर तो सूर मी कधी वाजवला नव्हता. मास्तरांच्या त्या जुन्या वाद्यावर तो निघायचा, पण सतरा नंबरवर कुणीच वाजवला नव्हता, तू सोडून, तोही एकदा. मागून तुझा ढोल बरोबर येत होता. माझ्या पोटात ठेका बसला, जसा टेबलावर मी तुझ्यासाठी धरायची तसा. मी वाजवला. निघाला, सेर्व्हास! जाड, खालचा, पायऱ्यांवरच्या दगडात जाणारा. बाकीचे थांबले तरी मी श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. हुप्पर्ट्‌स साहेबांनी हात खाली केला तरी थांबले नाही.

घरी आल्यावर बाबा बूट काढता काढता म्हणाले, "हा सूर इतकी वर्षं कुठे होता?" आईने उत्तर दिलं, "स्वयंपाकघरात." मग ते बराच वेळ रडले आणि आम्ही दोघींनी त्यांना रडू दिलं.

ढोल तू बरा वाजवलास. बाबांचं मत आहे की जरा घाई करतोस, पण पलीकडचा माणूस म्हणून माफ.

सोबत गवत आहे, पोतंभर. सकाळी स्वतः ओढ्यात उतरून कापलं. ४ तारखेला यानेच पत्ती घास. आणि ऐक, क्लॅरिनेटवर तुला सगळे सूर मिळतील, तिथे कुठली चावी बिघडलेली नाही. तरी रेकॉर्डवर खाली उतरत येशील तेव्हा त्या जागी थांब. वाजवू नकोस. ती जागा मी तुला टेबलापाशी दिली होती, आणि ती संस्थेची नाही. ती मी परत मागत नाही.

तुझी,
फीन
टेनर सॅक्सोफोन, नंबर सतरा